पलंग सगळ्यात शेवटी

विचारलेलं थोडक्यात असं: ठाण्यातल्या आठ-दहा निवृत्त मंडळींच्या गटाकडे आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या मुलांजे जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मिशन शाळेचं पत्र आलं आहे. शाळेत शंभरावर अनाथ मुलं आहेत, त्यांच्यासाठी वसतिगृह बांधायचं आहे, शिवाय एकेका मुलाचा खर्च दरमहा उचलणारे 'पालक' हवे आहेत. पैसे द्यावेत का? तिथे या मुलांची काळजी घेतात म्हणजे नेमकं काय करतात? धर्मांतराचं काय? आणि गटातल्या दोन निवृत्त शिक्षिका दोन-तीन आठवडे तिथे जाऊन शिकवायला तयार आहेत, तर त्यांनी जावं का?

मी मिरजेची. मिशन हॉस्पिटलच्या सावलीत वाढलेली, पण ख्रिस्ती नाही. महाराष्ट्रात बारा वर्षं बालगृहांमध्ये काम केलं आणि २०११ ते २०२० दक्षिण मलावीत एका मिशनच्या प्राथमिक शाळेत समाजकार्यकर्ती होते. जिल्ह्याचं नाव 'मुलांजे' वाचून तुम्हालाही गंमत वाटली असेल, मलाही वाटली होती. तिथे तीन हजार मीटर उंचीचा एक अजस्र डोंगर आहे, पायथ्याशी चहाचे मळे आणि मळ्यांच्या पलीकडे मक्याची छोटी छोटी शेतं.

उत्तर आधीच सांगून टाकते. शाळेला द्या, वसतिगृहाला देऊ नका. हे मी अक्कलहुशारीने सांगत नाहीये, एक वसतिगृह स्वतः उभं करून सांगते आहे.

सुरुवात 'अनाथ' या शब्दापासून करायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आपण अनाथ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर आई-बाप दोघंही नसलेलं, कुणीच नसलेलं पोर येतं. युनिसेफच्या आणि एकूणच आकडेवारीच्या भाषेत मात्र आई किंवा बाप यांपैकी एक जरी गेला असेल तरी ते अठरा वर्षांखालचं मूल अनाथच धरतात. तुमच्या पत्रातली 'शंभरावर अनाथ मुलं' बहुधा याच मोजणीतली असणार. आमच्या शाळेत मी गेले तेव्हा नुसती नावांची यादी होती. पहिल्या वर्षी मी त्या वहीत रकाने पाडले: आई आहे का, बाप आहे का, रात्री झोपतो कुणाच्या घरी, त्या घरात कमावतं कोण, मामाचं नाव काय. वही भरली तेव्हा कळलं, रात्री झोपायला कुणाचंच घर नाही असं एकही मूल त्या यादीत नव्हतं. घर होतं. घरात मका नव्हता.

मामाचा रकाना का, तर दक्षिण मलावीत लोम्वे, याओ, मांगांजा हे सगळे समाज मातृवंशीय आहेत. जमीन आईकडून मुलीकडे जाते. लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो, म्हणजे आपल्या भाषेत सगळेच घरजावई. बायको वारली की बरेचदा नवरा आपल्या गावी परततो आणि मुलं आईच्या आईकडे राहतात. तिथल्या चिचेवा भाषेत आजी-आजोबांना 'आगोगो' म्हणतात आणि मामाला 'मलुमे'. भाच्यांचं लग्न, भांडण, शेताचा तुकडा, सगळ्यात शब्द चालतो तो मलुमेचा. कागदावर 'बाप सोडून गेला' असं दिसतं तेव्हा आपण बापाला नालायक ठरवून मोकळे होतो. काही असतातही. पण बहुतेकांच्या बाबतीत ती तिथली रीत असते, आणि रीतीने मुलांची सोयही लावलेली असते. सोय पुरी पडत नाही, ही वेगळी गोष्ट.

ती पुरी का पडेना, हे समजायला १९९० आणि २०००च्या दशकांकडे पाहावं लागतं. एड्सने तिथे मधली पिढी कापून नेली. २०००च्या सुमाराला मलावीतल्या प्रौढांपैकी साधारण दर सात जणांमागे एकाला एचआयव्हीची लागण होती, आणि दक्षिणेत प्रमाण त्याहून जास्त. कमावते गेले, म्हाताऱ्या आणि लेकरं मागे राहिली. एका आगोगोच्या पदरात तीन मुलींची मिळून सात-आठ नातवंडं, हे चित्र मी स्वतः कितीदा पाहिलं. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या गोळ्या फुकट मिळू लागल्या आणि २०११ मध्ये मलावीने प्रत्येक लागण झालेल्या गरोदर बाईला आयुष्यभर औषध द्यायचं धोरण जगात सगळ्यांत आधी लागू केलं. त्यानंतर मरणं झपाट्याने कमी झाली. आज पहिलीत येणारं अनाथ मूल आणि २००३ साली येणारं अनाथ मूल यांच्या परिस्थितीत म्हणून मोठा फरक आहे. देणगीच्या पत्रांची भाषा मात्र अजून २००३ मध्येच अडकलेली दिसते.

आता शाळा. मलावीत शाळा म्हटलं की चर्च आलंच. स्कॉटलंडच्या फ्री चर्चची लिव्हिंग्स्टोनिया मिशन १८७५ मध्ये आली, चर्च ऑफ स्कॉटलंडची ब्लँटायर मिशन १८७६ मध्ये. मुंबईत विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते जॉन विल्सन याच फ्री चर्चचे. तेव्हा या घराण्याची ओळख आपल्याला आफ्रिकेच्या आधीपासून आहे. पण मिशन म्हणजे गोरा पाद्री, हे समीकरण करू नका. शेजारच्या चिराद्झुलू जिल्ह्यात जॉन चिलेंब्वे या स्थानिक पाद्र्याने १९०० साली स्वतःची मिशन काढली, शाळा काढल्या आणि १९१५ च्या जानेवारीत मळेवाल्या गोऱ्यांविरुद्ध बंड करून त्यात प्राण दिला. त्याचा चेहरा त्यांच्या क्वाचाच्या नोटेवर आहे आणि १५ जानेवारीला देशभर सुट्टी असते.

आजची व्यवस्था अशी की जमीन आणि इमारत चर्चची, शिक्षकांचा पगार सरकारचा, अभ्यासक्रमही सरकारचा. १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षणाची फी माफ झाली आणि पटावरची मुलं एका वर्षात एकोणीस लाखांवरून तीस लाखांच्या आसपास गेली. शिक्षक आणि खोल्या अर्थातच त्या वेगाने वाढल्या नाहीत. आमच्या पहिलीच्या वर्गात दीडशेच्या वर पोरं असायची, निम्मी आंब्याच्या झाडाखाली. बाईंच्या हातात एक खडू, आणि फळा म्हणजे झाडाला टेकवलेली काळी फळी. फी नसली तरी वह्या, पेन, गणवेश, परीक्षेचा खर्च हे सगळं असतंच.

'काळजी घेतात म्हणजे काय करतात' याचं खरं उत्तर सकाळी सहा वाजता मिळायचं. तीन मोठ्या दगडांवर काळंकुट्ट पातेलं, त्यात मक्याचं आणि सोयाबीनचं पीठ, थोडी साखर. याला 'लिकुनी फाला' म्हणतात, चार भाग मक्याला एक भाग सोयाबीन. लिलाँग्वेजवळच्या लिकुनी या कॅथलिक मिशनचं नाव त्याला पडलं आहे. आपल्याकडची पातळ खीर समजा, फक्त धुराचा वास असलेली. शिजवायला गावातल्याच बाया पाळीपाळीने यायच्या, पगार नाही. प्रत्येक मूल घरून आपला मग घेऊन यायचं. प्लास्टिकचा, कान तुटलेला, कुणाचा तर रंगाचा रिकामा डबा. वाढणाऱ्या बाईच्या हातात एकच ओगराळं, मग मोठा असो की छोटा, सगळ्यांना तेवढंच. एक पोरगी निम्मी पेज पिऊन उरलेल्यावर वहीचा पुठ्ठा झाकायची आणि साडेबारापर्यंत ती तशीच बाकाखाली ठेवायची, कारण घरी धाकटा भाऊ होता. तिला कुणी ओरडायचं नाही असं आम्ही शिक्षकांना सांगून ठेवलं होतं. पुढे धाकट्यालाच बालवाडीत आणून बसवलं, तेव्हा पुठ्ठा सुटला.

पेज मिळते म्हणून मुलं येतात, आणि येतात म्हणून बाकीचं सगळं करता येतं. सलग तीन दिवस कोण आलं नाही, हे पातेल्याभोवती आधी कळतं, हजेरीपटात नंतर. मग मी किंवा आमचे एक शिक्षक सायकल घेऊन त्या घरी जायचो. कारणं तीच तीच असतात: आगोगो आजारी, भाऊ आजारी, किंवा घर 'गान्यू'ला गेलेलं. गान्यू म्हणजे रोजंदारी. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस पडला की मका पेरायचा, तो हाताशी येतो एप्रिलमध्ये. मधले जानेवारी-फेब्रुवारी हे भुकेचे महिने, त्यांना सरळ 'न्जाला', म्हणजे भूक, असंच म्हणतात. कोठीतला मका संपलेला, बाजारातला भाव सुगीच्या दुप्पट-तिप्पट. मग आजी दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते आणि नातवाला बरोबर नेते. स्वतःच्या शेतातली खुरपणी मागे पडते, म्हणून पुढच्या वर्षी मका आणखी कमी. हे चक्र एका पेजेच्या मगाने तुटत नाही, पण मुलगा शाळेत जेवतो म्हटल्यावर आजीवरचा एक घास कमी होतो आणि ती त्याला शाळेत सोडायला राजी होते.

काही मुलांच्या एचआयव्हीच्या गोळ्यांचं वेळापत्रक शाळेकडे असायचं, दवाखान्याची तारीख आमच्या लक्षात असायची. कुणाला कळणार नाही अशा बेताने ते करावं लागतं. सातवी-आठवीतल्या मुलींवर नजर ठेवायची, कारण न्जालाच्या दिवसांतच मुलींची लग्नं उरकली जातात. २०१७ मध्ये घटनादुरुस्ती होऊन लग्नाचं वय सरसकट अठरा झालं, पण कायदा गावात पोचवायला मलुमे आणि गावच्या मुखियाशीच बोलावं लागतं. याला कुणी 'अनाथ संगोपन' म्हणत नाही, फोटोतही ते दिसत नाही.

आता आमच्या वसतिगृहाची गोष्ट. २०१३ मध्ये परदेशातल्या एका देणगीदार गटाने पैसे दिले आणि आम्ही चाळीस मुलांची खोली बांधली. दुमजली लोखंडी पलंग, निळ्या मच्छरदाण्या. मी स्वतः प्रस्ताव लिहिला होता, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर टाकायची सोय नाही. कारण चांगलंच होतं: काही मुलं आठ-आठ किलोमीटर चालत यायची, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की येऊच शकायची नाहीत.

पहिल्या सत्रातच यादी फुगली. कधी न पाहिलेल्या आगोगो नातवंडांना घेऊन दारात बसू लागल्या. त्यांचं चुकत नव्हतं. तीन वेळचं खाणं, पलंग, दिवा, गणवेश, हे सगळं फाटकाच्या आत. बाहेर काहीच नाही. मीही त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. एका बाईने मला विचारलं होतं, मुलगी जिवंत आहे म्हणून नातीला घेत नाही का? म्हणजे मदत मिळवायची तर आधी कुणीतरी मरायला हवं, असा नियम आम्ही नकळत करून ठेवला होता.

त्याहून मोठी चूक मला दोन वर्षांनी कळली. एक पाचवीतला मुलगा, आई नाही, बाप दुसऱ्या जिल्ह्यात, आगोगोकडे राहणारा. आमच्याकडे आला, अंगाने भरला, अभ्यासात पुढे गेला. ऑगस्टच्या सुट्टीत घरी गेला आणि तिसऱ्या दिवशी परत येऊन कुलूपबंद खोलीच्या पायरीवर बसला. घरात त्याचं झोपायचं अंथरूण मावसभावंडांना गेलं होतं, ते एक. पण नांगरटीआधी मलुमेने शेताचे तुकडे वाटले त्यात आईच्या वाट्याचा तुकडा मावशीच्या मुलांना दिला होता. मलुमेकडे गेले तर तो शांतपणे म्हणाला, "त्याला मिशनने घेतलं ना. त्याला शेत कशाला?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला ते खरंच तसं वाटत होतं. ज्या मुलाने खुरपणीला हात लावला नाही, मयताला आला नाही, पाहुण्यांना पाणी दिलं नाही, तो त्या घरचा उरत नाही. आम्ही त्याला शिकवलं, पण वर त्याचं गावही काढून घेतलं होतं. चार महिने, मुखियाच्या ओसरीवर तीन बैठका आणि दोन कोंबड्या, एवढ्यावर तो तुकडा परत मिळाला. नंतर आम्ही नियमच केला की वसतिगृहातलं प्रत्येक मूल शनिवार-रविवार घरी जाणार आणि पेरणी-खुरपणीला सुट्टी मिळणार. पुढे २०१६ मध्ये ती खोली धान्याच्या कोठाराला दिली. पलंग मुलींच्या माध्यमिक शाळेला दिले.

हे फक्त आमच्याच शाळेत घडतं असं नाही. रुमानियात २००० साली सुरू झालेल्या एका अभ्यासात अनाथालयातल्या १३६ बाळांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून कुटुंबात ठेवलं, निम्मी संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धीची वाढ आणि माणसांशी जुळणं दोन्ही सरस ठरलं, आणि जितकं लवकर हलवलं तितका फायदा जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट म्हटलं आहे की केवळ गरिबीपायी मुलाला घरापासून तोडू नये. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलासाठी पैसे मिळतात, त्यामागचा विचारही हाच. मलावी सरकारची 'म्तुकुला पाखोमो' नावाची रोख मदत योजना २००६ मध्ये म्चिंजी जिल्ह्यात सुरू झाली आणि नंतर देशभर गेली. हातात थोडे पैसे आले की आगोगो मूल सांभाळतेच. तिला सांभाळायला शिकवावं लागत नाही.

वसतिगृह लागतच नाही असं मात्र म्हणू नका. अंध मुलांसाठी लागतं, तिथे मिशनच्या काही शाळांनी फार चांगलं काम केलं आहे. ज्या घरात मुलीवर हात पडतो तिथून तिला बाहेर काढावंच लागतं. माध्यमिक शाळा वीस किलोमीटरवर असेल तर मुली गावात भाड्याची झोपडी घेऊन एकट्या राहतात आणि त्याचे परिणाम नऊ महिन्यांनी दिसतात. त्यांच्यासाठी कुंपण घातलेलं वसतिगृह म्हणजे वरदान. बाळंतपणात आई गेलेलं तान्हं असेल तर दूध पुरवून, दीड-दोन वर्षं जगवून घरी परत देणारी पाळणाघरंही हवीत. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: मूल आत का घेतलं आणि परत कधी जाणार, हे पहिल्या दिवशी लिहिलेलं असतं.

मध्येच एक गोष्ट सांगते, कारण तिचा तुमच्या स्वयंपाकघराशी संबंध आहे. दक्षिण मलावीत मक्याच्या ओळींमध्ये 'नांदोलो' लावतात. नांदोलो म्हणजे आपली तूर. मका घरी खायला, तूर विकायला. जुलै ते सप्टेंबरात ती काढतात आणि नवं शालेय वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, त्यामुळे वह्या, पेन, गणवेश सगळं नांदोलोच्या पैशांवर. यातली पुष्कळशी तूर भारतात येते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, कारण आपल्याकडे भाव पडले होते आणि आपल्या शेतकऱ्याला वाचवायचं होतं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरोबरच. पण त्या सप्टेंबरात आमच्या शाळेत वह्या नव्हत्या. व्यापारी गावात आलेच नाहीत, आले त्यांनी सांगितलेला भाव ऐकून बायांनी पोती उचलून परत नेली. भारतीयांना तिथे 'अम्वेन्ये' म्हणतात आणि मी गावातली एकुलती एक. एका आगोगोने मला अडवून विचारलं, "तुमच्या लोकांनी नांदोलो खाणं सोडलं का?" मी काय सांगणार? माझ्या डब्यात आमटीच होती. त्या वर्षी आम्ही देणगीच्या पैशांतून वह्या घेतल्या आणि पंधरा आज्यांकडून तूर विकत घेऊन पेजेच्या पातेल्यात शिजवली. पोरांना आवडली नाही. २०२१ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला, दरवर्षी पन्नास हजार टन तूर पाच वर्षं घ्यायची असा, तेव्हा मी मिरजेत होते आणि बातमी वाचून फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न भाव काय, हाच आला.

तुमच्या 'पालक' योजनेबद्दल. मराठीत त्याला सर्रास 'दत्तक' म्हणतात, तो शब्दच आधी सोडा. दरमहा एका मुलाच्या नावाने पैसे आले की त्याच बाकावरच्या दुसऱ्याचं काय, हा प्रश्न रोज उभा राहतो. बूट एकाला, शेजारी अनवाणी. शिवाय पत्रं. एका शाळेत मी शनिवारची सकाळ पाहिली आहे: शिक्षक फळ्यावर इंग्रजीत चार ओळी लिहितात, मी बरा आहे, मला फुटबॉल आवडतो, पाऊस चांगला झाला, देव तुमचं भलं करो. चाळीस मुलं त्या उतरवून काढतात. एकाने चुकून शेजाऱ्याचं नाव उतरवलं होतं. देणाऱ्याला 'मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र' मिळतं आणि ते खरंही असतं. द्यायचं तर शाळेच्या नावाने द्या, वर्षातून एकदा हिशेब आणि वहीतले आकडे मागा. पत्र मागू नका.

दोन शिक्षिकांबद्दल सांगताना जरा जपून बोलते, कारण इच्छा चांगली आहे. तीन आठवड्यांत मुलांची नावंही नीट तोंडात बसत नाहीत. चौथीपर्यंत प्रत्यक्ष शिकवणं बहुतेक चिचेवातच चालतं. आणि अनोळखी माणूस दिसला की धावत येऊन मांडीवर बसणारं मूल पाहून आपल्याला भरून येतं, पण ते लक्षण चांगलं नाही. घरात वाढलेलं पोर नव्या माणसाला बघून आगोगोच्या चितेंजेआड, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या कापडाआड, लपतं, आणि तेच बरं. बाईंना खरंच जायचं असेल तर मुलांसाठी जाऊ नका. सप्टेंबरच्या आधी जा आणि तिथल्या शिक्षकांबरोबर बसा: दीडशेचा वर्ग गटांत कसा बसवायचा, शब्दपट्ट्या टाकाऊ पुठ्ठ्यांतून कशा करायच्या, हे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या बाईंइतकं कुणाला येत नाही. अशी एक बाई आमच्याकडे येऊन गेली, तिच्या पट्ट्या अजून वापरात आहेत.

धर्मांतराचा प्रश्न तुम्ही दबक्या आवाजात विचारला आहे, उघड विचारायलाही हरकत नाही. देशातली बहुसंख्य माणसं आधीच ख्रिस्ती आहेत, त्यामुळे 'अनाथांना ख्रिस्ती करतात' ही आपल्याकडची भीती तिथे तशीच्या तशी लागू होत नाही. प्रार्थना होते, स्तोत्रं म्हणतात, आणि काय सुरेल म्हणतात! पण याओ लोकांत मुसलमान पुष्कळ आहेत, आणि पूर्वी धर्म बदलावा लागेल या धास्तीने त्यांनी मुलांना मिशन शाळांपासून दूर ठेवलं, त्यात त्यांच्या दोन पिढ्या शिक्षणात मागे राहिल्या. म्हणून शाळेला एवढंच विचारा: मुसलमान मुलांना पेज आणि वही मिळायला प्रार्थनेला बसावं लागतं का? उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा. माझ्या हिंदू असण्यावरून मला नऊ वर्षांत कुणी टोकलं नाही. पाद्रीबाबा मात्र दर ईस्टरला, मी या वर्षी तरी येते का, एवढं विचारायचे.

त्या पत्राला उत्तर काय लिहायचं, तर आधी पैशांचं बोलू नका. विचारा की शंभरांपैकी किती मुलांची आई किंवा बाप हयात आहे. रात्री ती आत्ता कुठे झोपतात. वसतिगृह बांधून झाल्यावर मका, सरपण, मेट्रन, राखणदार यांचा खर्च पाचव्या वर्षी कोण देणार. हत्ती दारात बांधणं सोपं असतं. मुलांचे फोटो छापायची परवानगी कुणी दिली, आणि जिल्हा समाजकल्याण अधिकाऱ्याला हा बेत माहीत आहे का. बँक खातं शाळेच्या किंवा चर्चच्या नावावर हवं, कुणा एकाच्या नावावर नको. ज्यांच्याकडे वही आहे ते आठवड्यात आकडे पाठवतात. आमचे पाद्रीबाबा अशा प्रश्नांनी चिडायचे, मग हसायचे, आणि मग वही घेऊन बसायचे.

उत्तरं बरी आली तर वसतिगृहाऐवजी हे सुचवा: पेजेचं पीठ, वर्गखोलीचं पत्र्याचं छप्पर, मुलींचं बंद दाराचं स्वच्छतागृह, आठवी पास झालेल्या मुलींची माध्यमिकची सोय, आणि सायकलवर घरोघर फिरणाऱ्या एका माणसाचा पगार. शेवटचं कुणीच द्यायला तयार नसतं, कारण त्याच्यावर पाटी लावता येत नाही. छप्पर देणार असाल तर तुळया आणि खिळे यांत काटकसर करू नका. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी वादळ याच भागावर कोसळलं, मुलांजे, फालोंबे, चिराद्झुलू, ब्लँटायर सगळीकडे डोंगर खचले, मेलेली आणि बेपत्ता मिळून हजारावर माणसं गेली. ज्यांची घरं वाहून गेली ती शाळांमध्येच राहिली. आमच्या शाळेचं जुनं स्कॉटिश पद्धतीचं छप्पर टिकलं आणि देणगीतून झालेल्या नव्या खोलीचे पत्रे उडाले.

भारतातून बाहेर देणगी पाठवली तर आयकरात देणगीची सवलत मिळत नाही, हे गटात आधीच सांगून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये कुरकुर होईल. आणि पाठवायचे तर मे ते जुलैमध्ये पाठवा. तेव्हा मका नुकताच निघालेला असतो, आज्या स्वतःच विकायला आणतात. जानेवारीत पाठवलेल्या त्याच पैशांत निम्मी पोतीसुद्धा येत नाहीत.